राजडाक, वऱ्हाडातील

राजाच्या आज्ञा, लष्करी हालचालींच्या खबरा आणि महसुली कागदपत्रे इष्ट स्थळी पोचविण्यासाठी राजसत्तेने स्वतःच्या खर्चाने चालविलेली व स्वतःच्याच नियंत्रणाखाली ठेवलेली संदेशवहनव्यवस्था. उत्तर हिंदुस्थानात तिला ‘डाक’ व तिच्या ठाण्यांना ‘डाकचौकी’ म्हणत. दक्षिणेत त्याच अर्थाने ‘टपाल’ हा शब्द रूढ झाला. पैसे देऊन कोणालाही वापरता येणारी सेवा, हा टपालाचा आज गृहीत धरला जाणारा अर्थ वऱ्हाडात फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील राजडाक रयतेसाठी नव्हती. बातमी प्रथम कोणाला कळावी, ती कोणापासून लपवावी आणि कोणी कोणाशी पत्रव्यवहार करावा, हे ठरविण्याचे ते साधन होते. म्हणूनच प्रत्येक नव्या सत्तेने खजिना व किल्ले यांबरोबर डाकेच्या वाटाही ताब्यात घेण्याची खटपट केली. वऱ्हाडात ही खटपट कोणाही देशी सत्तेला पूर्णपणे साधली नाही, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

वऱ्हाड म्हणजे स्थूलमानाने सांप्रतचे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे जिल्हे. उत्तरेस सातपुड्याचा मेळघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बालाघाट यांच्या दरम्यान पूर्णा नदीचे सखल खोरे असून त्यास पायनघाट म्हणतात. बऱ्हाणपूरकडून येणारी वाट या खोऱ्यातून मलकापूर, बाळापूर, अकोला असे टप्पे घेत पूर्वेस जाई. अचलपूर (एलिचपूर) हे सुभ्याचे ठाणे तिच्या उत्तरेस, गाविलगडाच्या डोंगराखाली होते. दक्षिणेकडे जाण्यासाठी रोहणखेडसारखे घाट चढावे लागत. पायनघाटाची जमीन काळी व कसदार आहे. पावसाळ्यात तीत घोड्याचे पाय रुतत, गाडी तर चालतच नसे आणि पूर्णा व तिच्या उपनद्या उतार देत नसत. त्यामुळे वर्षाचे तीन-चार महिने तरी येथे घोडेस्वारापेक्षा पायी जासुदावरच भिस्त ठेवावी लागे.

या प्रदेशाची दुसरी अडचण राजकीय होती. इमादशाहीच्या काळात (१४९०–१५७४) अचलपूर हेच राजधानीचे नगर होते. त्यानंतर ज्या सत्तांनी वऱ्हाडावर हक्क सांगितला, त्या सर्वांची मुख्य ठाणी सुभ्याबाहेर होती : प्रथम अहमदनगर, नंतर आग्रा व दिल्ली, पुढे हैदराबाद, नागपूर व पुणे. दूरस्थ धन्याला सुभा जो काही दिसे, तो पत्रांतूनच. आणि पत्रे ज्याच्या हाती, तो धन्याला हवे ते दाखवू शके.

बातमीवरील ताबा किती निर्णायक ठरू शकतो, याचे एक जुने उदाहरण वऱ्हाडशी निगडित आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जी कडा येथून देवगिरीवर चालून आला, तेव्हा वाटेत त्याने अचलपूर येथे मुक्काम केला होता. आपण चुलत्यावर रुष्ट होऊन राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीस निघालो आहोत, अशी आवई त्याने उठविल्याचे फिरिश्ता सांगतो. रामचंद्र यादवाला शत्रू दाराशी येईपर्यंत खरी बातमी लागली नाही. तिकडे दिल्लीत जलालुद्दीन खल्जी यासही आपला पुतण्या कोठे आहे याचा पत्ता नव्हता; कारण कड्याचा कारभार पाहणारा अलाउल्मुल्क दरबारास दिशाभूल करणारी पत्रे पाठवीत होता. हा अलाउल्मुल्क इतिहासकार झियाउद्दीन बरनीचा चुलता असल्यामुळे त्याची साक्ष घरच्या माहितीची मानावी लागते. अलाउद्दीन स्वतः सुलतान झाल्यावर हा धडा विसरला नाही. दक्षिणेत जाणाऱ्या प्रत्येक फौजेच्या मागे दिल्लीपासून छावणीपर्यंत डाकेची ठाणी बसविण्याचा त्याने प्रघात घातला. मलिक काफूर वरंगळला वेढा घालून बसला असता (१३१०) ही ठाणी तुटली व महिन्याहून अधिक काळ बातमी आली नाही, तेव्हा सुलतान अत्यंत चिंताग्रस्त झाल्याचे बरनीने नमूद केले आहे.

मुहम्मद तुघलकाच्या वेळच्या डाकेचे तपशीलवार वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने केले आहे. घोड्यांच्या डाकेस ‘उलूक’ व पायी डाकेस ‘दावा’ म्हणत. पायी डाकेचे टप्पे मैलाच्या एकतृतीयांश अंतरावर असत. धावकऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याची घुंगरे लावलेली दोन हात लांबीची काठी असे. घुंगरांचा आवाज ऐकू येताच पुढच्या टप्प्यावरील माणूस कंबर कसून उभा राही. ही पायी डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा वेगवान होती, असे त्याचे स्पष्ट मत आहे. सिंधहून दिल्लीस पोचायला प्रवाशाला पन्नास दिवस लागत. डाकेने तीच बातमी पाच दिवसांत जाई. सुलतान दौलताबादेस असताना त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून याच धावकऱ्यांकरवी आणविले जाई. ज्या व्यवस्थेतून सुलतानाचे पाणी जात होते, तीतून रयतेचे पत्र जाण्याची सोय नव्हती, ही बाब लक्षणीय आहे.

चांदबिबीने १५९६ मध्ये तह करून वऱ्हाड मोगलांना दिले आणि ते मोगल साम्राज्याच्या डाकजाळ्यात आले. या जाळ्याची घडण अकबराने केली होती. मुख्य मार्गांवर पाच-पाच कोसांच्या अंतराने घोडे व धावकरी ठेवलेले असत. मेवातचे ‘मेवडा’ म्हणून ओळखले जाणारे लोक धावण्यात व हेरगिरीत निष्णात असल्याचे आणि असे एक हजार जण बादशाही सेवेत असल्याचे आईन-इ-अकबरीत म्हटले आहे. एकाच माणसाकडे पत्र पोचविणे व पाळत ठेवणे ही दोन्ही कामे असणे त्या काळी स्वाभाविक होते. हरकारा व जासूद या दोन शब्दांनाही पुढे हा दुहेरी अर्थ चिकटून राहिला. याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना अबुल फज्ल सांगतो, की येथे चौधरीस देशमुख, कानूनगोस देशपांडे, मुकद्दमास पाटील व पटवाऱ्यास कुळकर्णी म्हणतात. बादशाही डाक सुभ्याच्या ठाण्यापर्यंत येई. तेथून खाली हुकूम गावी पोचण्याची वाट याच वतनदारांच्या हातांतून जात होती.

वऱ्हाड जिंकल्यावर शाहजादा मुराद याने बाळापूरजवळ शाहपूर वसविले व तेथे तळ दिला. मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांच्यात बेबनाव होता. अखेर अकबराने १५९९ मध्ये प्रत्यक्ष अबुल फज्ल यासच दक्षिणेत धाडले. तो छावणीत पोचतो न पोचतो तोच मुराद मरण पावला. कागदावर विसंबता येईना, तेव्हा विश्वासातील माणूस पाठवावा लागे, याचे हे उदाहरण होय.

अशी पाळी वारंवार येऊ नये म्हणून मोगलांनी बातमीचे एकाहून अधिक प्रवाह ठेवले होते. सुभ्यात वाकेनवीस हा उघडपणे नेमलेला बातमीलेखक असे. सुभेदाराच्या दरबारात बसून तो घडलेल्या गोष्टींची नोंद करी. त्याच्यावर सुभेदाराचा दाब पडण्याचा संभव असल्याने सवानेहनिगार हा स्वतंत्र लेखक नेमीत, आणि या दोघांनाही ठाऊक नसलेला खुफियानवीस गुप्तपणे लिहीत असे. हे सर्व कागद नळ्यांत बंद करून डाकचौकीने दरबारी जात. तेथे दरोगा-इ-डाकचौकी हा अधिकारी ते न फोडता वजिराच्या हवाली करी व वजीर ते बादशहापुढे ठेवी. औरंगजेबाच्या वेळी ही पत्रे रात्री नऊच्या सुमारास महालातील स्त्रिया बादशहास वाचून दाखवीत, असे इटालियन प्रवासी मनूची लिहितो. नळा मध्येच फोडला जाऊ नये या एका नियमावर सर्व व्यवस्था उभी होती. तो नियम मोडण्याचा मोह कोणाला होई, हे १६५७ च्या घटनांवरून दिसते.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये शाहजहान दिल्लीत आजारी पडला. दक्षिणेचा सुभेदार म्हणून खानदेश, वऱ्हाड, तेलंगण व दौलताबाद हे चारही सुभे तेव्हा औरंगजेबाच्या ताब्यात होते. दरबारात असलेल्या दारा शुकोहने भावांच्या वकिलांना बातम्या पाठविण्यास मनाई केली, वाटा व नदीचे उतार रोखले आणि औरंगजेबाचा वकील ईसा बेग यास कैद केले. हेतू सावधगिरीचा असेल. परिणाम मात्र नेमका उलटा झाला. पत्रे येणे थांबताच बादशहा मरण पावला अशी वार्ता पसरली, आणि पुढे त्याच्या सहीशिक्क्याची पत्रे आली तरी ती दाराने बनविलेली आहेत असे म्हणण्यास भावांना जागा मिळाली. औरंगजेबाने दरबारी डाकेचा नाद सोडला व गुजरातेत असलेल्या मुरादबख्शाशी संधान बांधून औरंगाबाद व अहमदाबाद यांच्या दरम्यान स्वतंत्र डाकचौक्या बसविल्या. दोघा भावांनी सांकेतिक लिपी ठरविली. उत्तरेस कूच करण्यापूर्वी औरंगजेबानेही नर्मदेचे उतार रोखून आपल्या हालचालींची बातमी हिंदुस्थानात जाऊ दिली नाही. वारसायुद्धाची पहिली लढाई धर्माट येथे एप्रिल १६५८ मध्ये झाली असली, तरी डाकेवरील झगडा त्याआधी सहा महिने सुरू होता. बादशाही डाक एकच असावी हा दंडक शाही कुटुंबातील पुरुषांनीच मोडला, ही गोष्ट मोगल प्रशासनाची स्तुती करताना पुष्कळदा दृष्टिआड होते.

डाकेच्या वाटा प्रत्यक्षात कशा होत्या, याची माहिती फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्न्ये याच्या प्रवासवृत्तात मिळते. दर दोन कोसांच्या सुमारास एक झोपडी असून तीत दोन-तीन धावकरी राहत. आलेला माणूस पत्र पुढच्याच्या हाती न देता झोपडीच्या दाराशी जमिनीवर टाकी. हाती देणे अशुभ मानीत. दुसरा ते उचलून लगेच धावू लागे. ज्या वाटांवर झाडांच्या रांगा नसत, तेथे ठरावीक अंतरावर दगडांचे ढीग रचलेले असून जवळच्या गावच्या लोकांनी ते वेळोवेळी चुन्याने पांढरे करावेत, असा शिरस्ता होता. अंधाऱ्या पावसाळी रात्री धावकऱ्याला वाट दिसावी हा त्याचा उद्देश. ताव्हेर्न्ये बऱ्हाणपूर व गोवळकोंडे या भागांतून अनेकदा गेला होता. त्याच्या या एका वाक्यात राजडाकेचा खर्च कोण सोशीत असे, याचे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे गावगाड्यात सापडते.

सरकारी थैली किंवा हुकूम गावी आला, की तो पुढील गावच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील माणसाच्या हवाली करणे, अंमलदारास वाट दाखविणे व त्याचे ओझे वाहणे, ही कामे महाराष्ट्रात सामान्यतः गावच्या वतनदार महाराकडे असत. त्याबद्दल त्याला बलुते व थोडी इनाम जमीन मिळे. पण फेरीगणिक मजुरी नसे, आणि रात्री-अपरात्री हाक आली असता नाही म्हणण्याची मुभाही नसे. मेवड्याचा वा जासुदाचा पगार राजाच्या जमाखर्चात दिसतो. महाराच्या श्रमाची मात्र कोठेच रोख नोंद नाही, कारण ते श्रम वतनाच्या नावाखाली आधीच हिशेबात धरलेले होते. ही वेठ इंग्रजी अंमलातही टिकली. मुंबई विधान परिषदेत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९२८ मध्ये वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हेच गाऱ्हाणे होते. ते विधेयक मुंबई इलाख्यापुरते होते. वऱ्हाड त्याच्या कक्षेबाहेर होते.

मोगल बातमीव्यवस्था कागदावर भक्कम दिसली, तरी चपळ शत्रूपुढे ती अपुरी पडे. शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटली, वणी-दिंडोरीजवळ मोगलांचा पराभव केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते अकस्मात वऱ्हाडातील कारंजा या श्रीमंत पेठेवर येऊन धडकले. सुभेदारास वेळेवर हालचाल करता आली नाही. मराठ्यांच्या हेरखात्याचे श्रेय परंपरा बहिर्जी नाईक यास देते. व्यक्तीविषयी परंपरा काहीही सांगो, कोणत्या पेठेत किती संपत्ती आहे व तिकडे जाणारी वाट कोणती, ही माहिती मराठ्यांना अगोदर होती, हे उघड आहे.

अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात वऱ्हाड दिल्लीच्या हातून निसटले. १० ऑगस्ट १७२० रोजी बाळापूरजवळ निजामुल्मुल्काने सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअली खान याचा पराभव केला, आणि १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे मुबारिझखानास ठार करून दक्षिणेत आपली स्वतंत्र सत्ता स्थापन केली. नागपूरकर भोसल्यांनी लवकरच तिच्याशी बरोबरीचा दावा सांगितला. परिणामी वऱ्हाडात ‘दोअमली’ सुरू झाली. कायद्याने धनी निजाम; प्रत्यक्षात परगण्यापरगण्यांत भोसल्यांचे अंमलदार व फौज, आणि वसुलाचा निम्म्याहून अधिक भाग नागपुरास जाई. काही परगणे पेशव्यांकडेही आले होते. ज्या गावात दोन सरकारांचे दोन अंमलदार, त्या गावाच्या वाटेने दोन सरकारांचे दोन जासूद जात, आणि एकाने दुसऱ्याची थैली पळविणे हा राजकारणाचा नित्याचा भाग झाला. एकछत्री राजडाकेची कल्पनाच अशा प्रदेशात टिकणे शक्य नव्हते.

मराठ्यांच्या पद्धतीत कायम चौक्यांपेक्षा माणसांवर भर होता. जासूद बहुधा जोडीने पाठवीत. एक आजारी पडला वा पकडला गेला, तर दुसऱ्याने पुढे जावे असा त्यात हेतू असे. महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन नकला वेगवेगळ्या वाटांनी रवाना करीत. किती दिवसांत पोचावे याची मुदत घालून देत व मुदतीत पोचल्यास इनाम देत. तातडीच्या कामी सांडणीस्वार, विश्वासाच्या कामी हुजरे आणि एका खेपेपुरता मजुरीवर ठेवलेला अजुरदार, असे माणसांचे प्रकार होते. या पद्धतीत खर्च कमी व लवचिकपणा अधिक होता. परंतु ठरावीक दिवशी ठरावीक ठिकाणाहून निघणारी डाक अशी गोष्ट तीत क्वचितच आढळते.

पत्रव्यवहारावरील ताबा म्हणजेच सार्वभौमत्व, ही जाणीव मराठ्यांना पूर्णपणे होती. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कनकापूरच्या तहात (२३ मार्च १७६९) मिळतो. जानोजी भोसले याने अनेकदा निजामाशी संधान बांधले होते. १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी त्याला निजामाच्या छावणीतून फोडण्याचे कामही गुप्त पत्रांनीच झाले होते. १७६९ च्या आरंभी माधवराव पेशवे वऱ्हाडातून नागपूर प्रांतावर चालून गेले. तहात मुलुख व खंडणी यांच्या कलमांबरोबरच, जानोजीने दिल्लीचा बादशहा, अयोध्येचा नबाब, रोहिले, इंग्रज व निजाम यांच्याशी पेशव्यांच्या परवानगीवाचून पत्रव्यवहार करू नये, असेही बंधन घालण्यात आले. भोसल्यांची फौज कायम राहिली, प्रांत राहिला. पत्र लिहिण्याचा अधिकार मात्र आखडला. तो प्रत्यक्षात किती पाळला गेला हा प्रश्न वेगळा. नागपूर ते हैदराबाद या वाटेवर प्रत्येक जासुदाला अडविण्याजोगी यंत्रणा पुण्यापाशी नव्हती.

राजांच्या या डाकांना समांतर अशी सावकारांची डाक होती. हुंडीची आगाऊ सूचना, सराफी भाव व पेठेतील मालाची चौकशी यांसाठी पेढ्या आपले कासीद ठेवीत, आणि त्यांचा वेग पुष्कळदा सरकारी जासुदांहून सरस असे. पानिपतच्या पराभवाची (१४ जानेवारी १७६१) निश्चित बातमी नानासाहेब पेशव्यांना आपल्या जासुदाकडून कळली नाही. औरंगाबादेस निघालेला एका सावकाराचा कासीद त्याच महिन्यात वाटेत त्यांच्या हाती लागला. त्याच्याजवळील पत्र फोडले, तेव्हा व्यापाऱ्याच्या सांकेतिक भाषेतून संहाराचे स्वरूप उलगडले. राजाने खाजगी पत्र फोडावे व त्यातून स्वतःच्या फौजेची गत जाणावी, यापरते राजडाकेच्या मर्यादेचे बोलके उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात नाही. सामान्य रयतेचे पत्र गेलेच, तर अशा कासिदाच्या, यात्रेकरूच्या वा लमाणांच्या तांड्याच्या सोबतीने जाई.

याच काळात यूरोपातील राजडाकेने निराळे वळण घेतले होते. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने आपली डाक १६३५ मध्ये पैसे देणाऱ्या सर्वांना खुली केली. तीत औदार्य नव्हते. खजिन्याला उत्पन्न हवे होते, आणि लोकांची पत्रे सरकारी हातांतून जाऊ लागली म्हणजे ती पाहताही येतात, हा दुसरा लाभ होता. १६५७ च्या इंग्लिश कायद्याच्या प्रस्तावनेत तर राज्याविरुद्धची कारस्थाने हुडकून काढण्याचे उत्तम साधन म्हणून डाकेचा उघड निर्देश आहे. पवित्र रोमन साम्राज्यात टाक्सिस घराण्याने बादशाही सनदेखाली हाच धंदा पिढ्यान्‌पिढ्या केला. मोगलांनी व मराठ्यांनी लोकांच्या पत्रांना डाक बंद ठेवली, त्यामुळे ती पत्रे सावकारांच्या कासिदांकडेच राहिली. राजाला उत्पन्न मिळाले नाही आणि, अधूनमधून एखादा कासीद अडविण्यापलीकडे, त्या पत्रांवर नजरही ठेवता आली नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडमधील धडा हिंदुस्थानात गिरविला. वॉरन हेस्टिंग्जने ३१ मार्च १७७४ पासून बंगालची डाक लोकांना खुली केली. शंभर मैलांपर्यंत दोन आणे हा किमान दर होता. वऱ्हाडात कंपनीचा प्रवेश झाला तो मात्र युद्धाच्या मार्गाने. १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीची सारी भिस्त हरकाऱ्यांवर होती व तीत एकदा त्याची फसगतही झाली. शत्रू ‘भोकरदन’ येथे आहे, अशी खबर हरकाऱ्यांनी आणली. त्यांना भोकरदनचा परगणा अभिप्रेत होता. वेलस्लीने त्याच नावाचे गाव समजून बेत आखला आणि २३ सप्टेंबर रोजी असई येथे अपेक्षेआधीच शत्रूसमोर येऊन उभा ठाकला. पुढे अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर रोजी भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह झाला. शिंद्यांबरोबरचा तह ३० डिसेंबरला अमरावती जिल्ह्यातीलच सुर्जी-अंजनगाव येथे झाला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलुख भोसल्यांच्या हातून गेला व वऱ्हाडातील दोअमली बहुतांशी संपली. कटक प्रांत कंपनीस मिळाल्यामुळे बंगाल व मद्रास यांना जोडणारा किनाऱ्याचा मार्गही तिच्या ताब्यात आला. नागपूर दरबारी इंग्रज रेसिडेंट ठेवण्याचे ठरले, व १८०४ मध्ये मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन तेथे रुजू झाला. रेसिडेंटाबरोबर त्याची पत्रे वाहणारी माणसेही आली. दरबाराच्या नजरेसमोर, परंतु दरबाराच्या ताब्याबाहेर चालणारी डाक नागपुरास दिसली.

यानंतरच्या पन्नास वर्षांत वऱ्हाड नावाने व अंमलानेही निजामाचे होते. राज्यकारभार ढासळला, मक्तेदार व सावकार बळावले. पण कापसाचा व्यापार वाढला. पेस्तनजी या पारशी पेढीने १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून थेट मुंबईस कापूस पाठविण्यास आरंभ केला. १८४२ मध्ये अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने मिर्झापूरच्या वाटेने कलकत्त्यास एक लाख बैलांवर लादून कापूस पाठविल्याची नोंद आहे. पाचशे मैलांवरील बाजारासाठी एवढा माल हलवायचा, तर भावाची बातमी मालाच्या आधी पोचली पाहिजे. ती गरज याही काळात पेढ्यांचे कासीदच भागवीत. कंपनीने १८३७ च्या सतराव्या कायद्याने आपल्या मुलुखात भाडे घेऊन पत्रे वाहण्याचा अधिकार फक्त सरकारचा असल्याचे जाहीर केले. त्या वेळी मुंबई ते कलकत्ता एका तोळ्याच्या पत्रास एक रुपया पडे. हा मक्ता निजामाच्या राज्यातील अमरावतीस लागू नव्हता. कंपनीच्या हद्दीत शिरताच मात्र त्याच सावकाराचा कासीद बेकायदेशीर ठरे. जे कनकापूरच्या तहाला जमले नाही, ते दरपत्रक, दंड व ठरावीक वेळी निघणारी डाक यांनी साधले.

२१ मे १८५३ रोजी झालेल्या तहाने निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिले. पुढल्याच वर्षी नवा टपाल कायदा आला, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा असा सरसकट दर सुरू झाला. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला व पेठेतील लहान दुकानदाराला राजाच्या डाकेतून स्वतःचे पत्र पाठविण्याचा हक्क अशा रीतीने एका परक्या सत्तेच्या मक्त्यातून मिळाला. पुढे पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती व पश्चिम वऱ्हाडचे अकोला असे झाले. १८६७ मध्ये भुसावळहून अकोला व बडनेरामार्गे नागपूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाल्यावर काळ्या जमिनीतील चार महिन्यांचा खोळंबा मुख्य मार्गापुरता संपला. सरकारचा डोळा मात्र पत्रांवरून हटला नाही. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात सार्वजनिक संकट वा सुरक्षितता यांच्या कारणास्तव पत्रे अडविण्याचा अधिकार राखलेला होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्याने पत्रे वाहण्याची सरकारी मक्तेदारी सोडून दिली. अडविण्याचा अधिकार ठेवला आहे.

वऱ्हाडावरील निजामाचे स्वामित्व कागदोपत्री पुढेही चालू राहिले. १९०२ च्या करारान्वये त्याने हा प्रांत इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला. १९३६ मध्ये त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला. हैदराबाद राज्याने आपले पहिले टपाल तिकीट १८६९ मध्ये काढले आणि १९५० मध्ये भारतीय टपालखात्यात विलीन होईपर्यंत स्वतःची टपालव्यवस्था चालविली. ती तिकिटे पैनगंगेच्या दक्षिण तीरापर्यंतच चालत. उत्तर तीरावरील उमरखेडच्या माणसाला नदीपलीकडे आपल्याच नामधारी राजाच्या मुलुखात पत्र धाडायचे असले, तरी ते व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या तिकिटावर धाडावे लागे.